अडतीसचा खड्डा

मॉरिस टॅथमच्या बैठकीच्या खोलीत बसायला चार जागा होत्या, पण ऐकायला एकच. ती त्याची खुर्ची. हिरव्या कॉर्डरॉयची, उंच पाठीची, आणि तिच्या चारही पायांखाली गालिच्यावर पितळी खुणा ठोकलेल्या. साफसफाई करताना बायकोने, वेंडीने, खुर्ची बोटभर सरकवली तरी पकडली जावी म्हणून. खुर्चीसमोर, भिंतीपासून चांगले हातभर पुढे, माणसाच्या उंचीचे दोन काळे पडदे उभे असत. इतरांकडे स्पीकर म्हणजे लाकडी डबा आणि त्यात थरथरणारा कागदाचा कोन. मॉरिसकडे डबाही नाही आणि कोनही नाही. तारेच्या दोन जाळ्यांमध्ये कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पटल ताणून बसवलेलं. त्यात वीज खेळवली की ते अख्खं हलतं आणि त्यातून गाणं येतं. गाणं असं स्वच्छ की गाणारी बाई सूर लावण्याआधी ओठ उघडते तेही ऐकू यावं. फक्त त्या खुर्चीत बसलं तर. वीतभर डावीकडे सरकलात की बाई मधल्या जागेवरून उठून एका पडद्यात शिरायची आणि दुसरा पडदा मुका व्हायचा.

वेंडी लग्नापासून डावीकडच्या सोफ्यावर बसत आली होती. त्यामुळे तिच्या वाट्याला संगीत आलं ते सगळं डाव्या पडद्याचं. व्हायोलिनं तिला तोंडपाठ होती. चेलो उजवीकडे असतात एवढंच तिला ठाऊक होतं, आणि तेही मॉरिसने सांगितलं म्हणून.

ती कुरकुर करत नसे. कुरकुर करायला तिला बेरिल होती.

बेरिल फॉस्डाइक भिंतीपलीकडे राहायची. जोडघरं ती, मधली भिंत एकच, अलीकडे टॅथम आणि पलीकडे फॉस्डाइक. बेरिल वेंडीपेक्षा दहाबारा वर्षांनी मोठी, नवरा जाऊन बराच काळ झालेला, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर शेकडो पोरांना वाढलेलं, त्यामुळे आवाज खणखणीत आणि जीभ तिखट. रोज अकराच्या सुमाराला वेंडी मागच्या दाराने, न ठोठावता, तिच्याकडे कॉफीला जायची.

"ये. तुझ्या दोन काळ्या सवती काय म्हणतायत?" बेरिल विचारायची.

"आज त्यांना पुसून काढलंय मॉरिसने. मऊ ब्रशने."

"तुला कधी पुसलं होतं का गं एवढ्या मायेने?"

मग दोघी हसायच्या, आणि बेरिल आल्याच्या बिस्किटांचा डबा पुढे सरकवायची. मैत्री म्हणतात ती एवढीच असते. पण हे एवढंसुद्धा ज्यांच्याकडे नसतं त्यांना विचारा.

बेरिलला आता आयुष्याकडून फार काही नको होतं. एक गोष्ट मात्र हवी होती, आणि ती तिने सगळ्यांना बजावून ठेवली होती. तिचा मुलगा एड्रियन लीड्सला असायचा. तो आला की खिशातून वृद्धाश्रमांची चकचकीत माहितीपत्रकं निघायची आणि ती चहाच्या किटलीखाली टेकण म्हणून वापरली जायची. "मला या घरातून काढायचं तर आडवी काढा," बेरिल म्हणायची. "उभी मी बाहेर पडायची नाही." गुडघे गेल्यावर तिने पलंग खाली, पुढच्या खोलीत आणून घेतला, पण घर सोडलं नाही. त्या दिवशी पलंग सरकवायला वेंडीच होती. ती म्हणाली होती, "मी इथे आहे तोवर कोण काढतोय तुला!" बेरिलने तो शब्द मनात धरून ठेवला. पलंगाचं डोकं मधल्या भिंतीला लागलं होतं.

इतकी वर्षं त्या भिंतीतून काही आलं नव्हतं. मॉरिसच्या पडद्यांचा गुण तोच आणि दोषही तोच. खालचा सूर त्यांना पेलत नसे. बारीक, नितळ, उंच असं सगळं ते जिवंत करायचे. पण नगारा वाजला की कोणी उशीवर थापट्या मारतंय असं वाटायचं.

हे मॉरिसला खुपत नव्हतं असं नाही, पण ते खुपू लागलं ते लेनर्डमुळे. महिन्यातून दोन शनिवारी गावातले आठदहा म्हातारे एकमेकांच्या घरी जमून रेकॉर्डी ऐकायचे. ऐकायचे म्हणजे एक मिनिट ऐकायचे आणि वीस मिनिटं तारांवर वाद घालायचे. त्यातला लेनर्ड ग्रिमशॉ हा सगळ्यांत जाणता आणि सगळ्यांत खवचट. मॉरिसच्या खुर्चीत बसून त्याने ऑर्गनची रेकॉर्ड ऐकली आणि चहाचा घोट घेत म्हणाला, "बाई सुंदर गाते रे तुझ्याकडे, मॉरिस. पण हा ऑर्गन... कोणीतरी पुढच्या गावात वाजवतोय आणि तू खिडकी उघडी ठेवली आहेस, असं वाटतं."

बाकीचे हसले. मॉरिसही हसला. त्याच आठवड्यात त्याने नुसते खालचे सूर काढणारे दोन सबवूफर मागवले.

पाणीखात्यातून तो नुकताच निवृत्त झाला होता, आणि निवृत्त माणसाला यंत्र मिळालं की घरातल्यांचे दिवस भरतात. गुडघ्याएवढे दोन काळे ठोकळे आले आणि पडद्यांमागे, मधल्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांत बसले. पण नुसते बसवून भागत नाही. पडदा चपळ आणि ठोकळा जड. दोघांची चाल जमवायची म्हणजे घोड्याबरोबर बैल जुंपण्यासारखं. पडदे जिथे थांबतात आणि ठोकळे जिथे सुरू होतात, ती शिवण कानाला लागता कामा नये. मॉरिस महिनाभर ती शिवण उसवत आणि घालत बसला. ठोकळे इंचभर पुढे, इंचभर मागे, एक उलटा, एक सुलटा. वेंडी सोफ्यावर बसून विणत असायची आणि "आता? आता?" ला "हो, बरंय" म्हणायची.

मग आली खोलीची दुरुस्ती. भिंती तशाच राहतात, दुरुस्ती होते ती आवाजाची. एक छोटा माइक काठीवर बसवायचा, यंत्राने खालपासून वरपर्यंत सगळे सूर ओढत न्यायचे, आणि खोली कुठला सूर फुगवते, कुठला गिळते ते माइकने टिपायचं. मग यंत्र फुगलेलं कापतं, गिळलेलं भरतं आणि संगणकावर एक सपाट रेघ दाखवतं. त्या दिवसांत घरात श्वास घ्यायची चोरी झाली. फ्रिज बंद. घड्याळ कपाटात गोधडीखाली. वेंडी स्वयंपाकघरात हाताची घडी घालून उभी, आणि बाहेर तो "हूऽऽऊप" असा आवाज पुन्हा पुन्हा जमिनीतून निघून छतात जाणारा. माइक मॉरिसने नऊ ठिकाणी ठेवला. नऊच्या नऊ जागा त्याच्या खुर्चीच्या आसपास, त्याच्या डोक्याएवढ्या गोलात.

सगळं सपाट आलं, एक जागा सोडून. अडतीसवर खड्डा होता. अडतीस म्हणजे सेकंदाला अडतीस हेलकावे घेणारा, ऑर्गनच्या जाड नळ्यांतला तो खोल सूर. खोलीच्या लांबीरुंदीचा हिशेब असा पडला होता की भिंतीवरून परतणाऱ्या लाटा नेमक्या मॉरिसच्या खुर्चीत एकमेकींना मारून टाकत. इतरत्र सूर होता. खुर्चीत नव्हता.

लेनर्ड येऊन ग्राफ बघून गेला. "हा खड्डा भरायच्या फंदात पडू नकोस," तो म्हणाला. "बूड नसलेली बादली आहे ही. कितीही ओत, तुझ्या खुर्चीत थेंब राहायचा नाही, आणि ओतलेलं सगळं भलतीकडे जाईल. खुर्ची दोन फूट मागे घे, झालं."

"दोन फूट मागे घेतली तर मधली बाई जाते," मॉरिस म्हणाला.

"जाऊ दे की थोडी."

"बाई जाणार नाही आणि खुर्चीही हलणार नाही."

लेनर्ड गेल्यावर मॉरिसने यंत्राला सांगितलं, भर. यंत्राने जेवढी परवानगी होती तेवढा जोर अडतीसवर लावला. खुर्चीत बसून मॉरिसला जेमतेम कळेल इतका सूर आला, ग्राफवरची रेघ जवळजवळ सपाट झाली, आणि तो इतका खूश झाला की त्याने वेंडीला पहिल्यांदाच खुर्चीत बसायला बोलावलं. ती बसली. "छान आहे," ती म्हणाली, आणि खरंच छान होतं. पाच मिनिटांनी त्याने घसा खाकरला तशी ती उठली.

बेरिलने पहिल्यांदा विषय काढला तो कॉफीवर.

"तुमच्याकडे कसलं मशीन आणलंय का गं? कपड्यांचं?"

"नाही बाई. का?"

"संध्याकाळी घुमतं काहीतरी. कानात नाही. इथे." तिने छातीच्या हाडावर बोट ठेवलं. "पलंगात येतं. दात हुळहुळतात."

वेंडीने घरी येऊन मॉरिसला विचारलं. मॉरिसने कपाळाला आठ्या घातल्या नाहीत, आवाज चढवला नाही. तो सभ्य माणूस होता, हीच तर पंचाईत. त्याने तिला ग्राफ दाखवला. "बघ, सगळे सूर सारखे. एकही दुसऱ्यापेक्षा मोठा नाही. मी पूर्वी जेवढ्यावर ऐकायचो तेवढ्यावरच आजही ऐकतो. मग भिंतीतून आत्ताच कसं जाईल? तूच सांग, तुला सोफ्यावर काही घुमल्यासारखं वाटतं?"

वेंडीला वाटत नव्हतं. तिचा सोफा खुर्चीच्याच ओळीत होता. खड्ड्याची ती ओळ होती, हे तिला कोण सांगणार!

तरी ती एकदा गेली. बेरिलचा हट्टच होता: "माझ्याकडे येऊन बस आणि त्याला म्हणावं लाव." मॉरिस आनंदाने तयार झाला. "नेहमीच्याच आवाजावर लावतो," तो म्हणाला, आणि आवाजाच्या बटणाला हात न लावता त्याने त्या दिवशी टपालाने आलेली नवी रेकॉर्ड लावली. हार्पसिकॉर्डची. टिणटिण टिणटिण, पाऊण तास. ज्या रेकॉर्डीत खालचा सूरच नाही, तिच्यावर ते ठोकळे तोंड उघडतच नाहीत. मॉरिसने लबाडी केली नाही. रेघ सपाट आहे म्हटल्यावर कुठलीही रेकॉर्ड लावली तरी तेच, असं तो मनापासून मानत होता. एवढ्या अभ्यासाचा असा उपयोग झाला.

दोघी बेरिलच्या पलंगावर शेजारी बसल्या होत्या. भिंत गप्प होती.

"आज नाही येत," बेरिल म्हणाली.

"लावलंय त्याने, बेरिल. मी सांगून आलेय."

"मग आज नाही येत."

वेंडीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. बेरिलने खांदा किंचित बाजूला घेतला, आणि वेंडीला ते कळलं, पण तिने कळू दिलं नाही.

त्यानंतर बेरिल झपाट्याने उतरली. झोप उडाली की माणसाचं काय होतं ते ज्याची उडते त्यालाच कळतं. दूध गॅसवर विसरलं, पातेलं काळं झालं. कॉफीला साखर दोनदा पडू लागली. संध्याकाळी ती काठीने भिंत ठोकायची, आणि भिंतीच्या अलीकडे मॉरिस रेकॉर्ड थांबवून म्हणायचा, "बिचारी." तो खरंच कळवळून म्हणायचा. थांबवलं की पलीकडे ठोकणंही थांबायचं. या दोहोंचा काही संबंध असेल असं त्या घरात कुणाला वाटलं नाही.

एड्रियन आला तो दाढी वाढलेला, चार तास गाडी हाकून दमलेला. डॉक्टरकडे नेऊन आणलं. डॉक्टरांनी कान तपासले, कान वयाच्या मानाने उत्तम निघाले, आणि उत्तम निघाले हेच आईच्या विरुद्ध गेलं. मग स्मरणशक्ती तपासणाऱ्यांकडे पाठवलं. तिथल्या बाईंनी विचारलं, हा आवाज आणखी कोणाला येतो का?

एड्रियन हेच विचारायला टॅथमांच्या बैठकीत बसला होता. हातात चहा, गुडघे जुळवलेले. शाळकरी असताना बिस्किटं मागायला यायचा तेव्हा बसायचा तसाच.

"वेंडी आंटी, मला खरं सांगा. आई म्हणते तो आवाज आहे का?"

मॉरिस ग्राफ घेऊन पुढे झाला. एड्रियनला त्यातलं काही कळलं नाही, पण रेघ सपाट होती हे दिसलं. तो वेंडीकडेच बघत राहिला.

वेंडीच्या मनात त्या क्षणी नेमकं काय आलं ते तिने नंतर पुष्कळदा उकरून पाहिलं. बेरिलने छातीवर ठेवलेलं बोट तिला आठवलं होतं. पण शेजारी नवरा होता, समोर रेघ होती, आणि ती स्वतः तिच्या पलंगावर पाऊण तास बसून आली होती.

"मी तिच्या खोलीत बसले होते, एड्रियन," ती म्हणाली. "मॉरिसने लावलं होतं. मला काही ऐकू आलं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, बाळा."

एड्रियनने कप खाली ठेवला आणि डोळे चोळले. त्याला रडू येत होतं की सुटल्यासारखं वाटत होतं, देव जाणे. दोन्ही असेल.

बेरिल घरातून बाहेर पडली ती उभी. निळा कोट घालून, पर्स छातीशी धरून, मुलाच्या हाताला न धरता. फाटकाशी वेंडी उभी होती. बेरिल थांबली.

"तू म्हणालीस म्हणे, काही नाही म्हणून," ती म्हणाली. शिवी नाही, टोमणा नाही. टोमणा मारला असता तर वेंडीला बरं वाटलं असतं.

"मला नाही आलं गं ऐकू."

"हं," बेरिल म्हणाली आणि गाडीत बसली.

घर विकायला काढलं. किल्ली वेंडीकडे ठेवली, दलाल गिऱ्हाईक घेऊन आला तर उघडून द्यायला. काही आठवड्यांनी एड्रियनचा फोन आला की आईचा राखाडी स्वेटर मागे राहिलाय, सापडला तर पाठवा. वेंडी दुपारी जेवणं झाल्यावर मागच्या दाराने आत गेली. पुढच्या खोलीत पलंग उघडाबोडका पडला होता. तिने कपाटाचा खालचा खण ओढला, स्वेटर दिसला, आणि तो उचलायला ती वाकली तेवढ्यात पायांखालची जमीन गुरगुरायला लागली.

आधी तिला वाटलं रस्त्यावर मोठा ट्रक थांबलाय. ट्रक गेला नाही. गुरगुर चढत गेली, थांबली, पुन्हा आली. कपाटाच्या खणाच्या पितळी कड्या एकसारख्या किणकिणू लागल्या. खिडकीची काच चौकटीत ठरत नव्हती. वेंडी मटकन पलंगावर बसली, तर तो सूर पलंगातून तिच्या पाठीत आला, पाठीतून छातीच्या हाडात, आणि तिचे दात हुळहुळले. वरचं संगीत ऐकूच येत नव्हतं. नुसता हा एक सूर, एखादं मोठं जनावर भिंतीला पाठ घासतंय तसा. पलीकडे मॉरिस ऑर्गन ऐकत होता.

ती किती वेळ बसली तिलाच कळलं नाही. स्वेटर मांडीवर होता. "देवा," ती मोठ्याने म्हणाली, "देवा, मी काय करून बसले!"

मग ती उठली, तशीच घरी गेली आणि मॉरिसला म्हणाली, "रेकॉर्ड चालू राहू दे. माझ्याबरोबर चल." तिच्या तोंडाकडे बघून तो निमूट उठला.

मॉरिस बेरिलच्या खोलीत उभा राहिला. कड्या किणकिणत होत्या. त्याने डोकं तिरपं केलं, डोळे मिटले, एक पाऊल भिंतीकडे गेला, एक मागे आला, आणि वेंडीने पाहिलं की त्याचा चेहरा उजळला होता.

"अगं, हा अडतीसचा!" तो म्हणाला. "हा अडतीसचाच! तरी मी म्हणतो, एवढा जोर लावतोय तो जातोय कुठे! अॅम्प्लिफायर तापायचा नुसता. ऐक, ऐक कसा भरलाय... इथे काय सुंदर येतोय गं!"

वेंडी त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत तिने या माणसाचा राग पाहिला होता, हट्ट पाहिला होता, आजारपणं काढली होती. आज तो तिला पहिल्यांदा परका वाटला.

"मॉरिस, बेरिल इथे झोपायची."

त्याचा चेहरा हळूहळू विझला. तो वाईट माणूस नव्हता. तो पलंगाकडे बघत राहिला आणि त्याने पँटच्या खिशात हात घातले, बाहेर काढले, पुन्हा घातले.

"मी काढून टाकतो," तो म्हणाला. "अडतीसवरचा जोर काढला की संपलं. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचं?"

"दोन मिनिटं. म्हणजे, मला माहीत असतं तर..."

"ती सांगत होती! रोज सांगत होती! भिंत बडवून सांगत होती, आणि तू इकडे बसून 'बिचारी' म्हणत होतास!"

"तूही म्हणालीस ना ऐकू येत नाही म्हणून," तो पुटपुटला. आणि ते खरं होतं, म्हणून वेंडीला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. दाराशी पोचल्यावर तो मागे वळून म्हणाला, "हे लेनर्डला नको सांगूस."

वेंडीने एड्रियनला फोन केला. सगळं सांगितलं, न चुकवता, न सावरता.

"आंटी," तो शेवटी म्हणाला, "घराचं ठरलंय. परवाच पक्कं झालं. आणि आईने दूध जाळलं होतं. ते काय आवाजाने जळलं?"

"तिला झोप नव्हती रे..."

"आता रुळलीय ती. खाते-पिते, झोपते. प्लीज. तिला परत ढवळू नका. तुम्हीच म्हणाला होता ना काही नाही म्हणून." त्याने फोन ठेवला. तोही चुकीचं बोलला नव्हता. ज्याच्या त्याच्या तोंडी वेंडीचंच वाक्य होतं.

ती बस बदलून आश्रमात गेली. एकटी. मॉरिस येतो म्हणाला होता, त्याला तिने नको म्हटलं. आश्रम स्वच्छ होता, गरम होता, आणि सगळीकडे उकडलेल्या कोबीचा वास होता. मोठ्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या, खुर्च्यांत म्हाताऱ्या, आणि कोणीही बघत नसलेला टीव्ही. बेरिल काचेच्या दाराजवळ बसली होती. केस नीट विंचरलेले, गाल जरा भरलेले. हात मांडीवर एकावर एक ठेवलेले. बेरिलचे हात असे रिकामे वेंडीने कधी पाहिले नव्हते.

"स्वेटर आणलास," बेरिल म्हणाली. "छान केलंस."

वेंडीने खुर्ची ओढली, तिचे हात हातात घेतले, आणि वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं विसरून एका दमात बोलून गेली. "बेरिल, आवाज होता. खरा होता. मी तुझ्या खोलीत गेले होते, मला आला. छातीत आला, दातांत आला, तू म्हणायचीस तस्सा. तुझं काही बिघडलेलं नाही. तू शंभर टक्के खरं बोलत होतीस आणि मी गाढवीण तुला खोटं पाडून आले. मी सांगते इथल्या लोकांना. डॉक्टरांना सांगते. मला माफ कर."

बेरिलने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं ते औषधांची गाडी ढकलत येणाऱ्या नर्सकडे.

"नाही गं," ती म्हणाली. "काही नव्हतं."

"अगं, होता! मी ऐकला!"

"काही नव्हतं. गोळ्यांनी गेला."

"बेरिल..."

बेरिलची बोटं वेंडीच्या मनगटावर आवळली. म्हातारीच्या हातात जोर अजून होता. "हळू बोल," ती ओठ न हलवता म्हणाली. "इथे आले तेव्हा मी सांगत होते, आवाज होता म्हणून. तर संध्याकाळी दोन गोळ्या जास्त. सकाळी माझे पाय मला सापडायचे नाहीत. नव्हता म्हणाले, तेव्हा कुठे मला बागेत एकटीला सोडायला लागले. कळलं? तू तो आवाज परत घेऊन येऊ नकोस इथे."

"पण मी सांगितलं तर तू घरी..."

"कुठल्या घरी?"

वेंडीला रडू फुटलं. नाक, डोळे सगळं वाहू लागलं आणि रुमाल पर्समध्ये सापडेना. "मी ऐकला गं," ती म्हणत राहिली. "भिंतीतून येत होता. खरंच येत होता."

गाडी त्यांच्यापाशी येऊन थांबली. नर्स तरुण होती, हसऱ्या चेहऱ्याची. "सगळं ठीक ना, बेरिल? पाहुण्या कोण आल्यात?"

"माझी शेजारीण," बेरिल म्हणाली. आवाज खणखणीत, पूर्वीचा. "फार चांगली आहे. पण जरा सांभाळून घ्या तिला. भिंतीतून आवाज येतात म्हणते."

नर्सने वेंडीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम माया आली, आणि ती गाडी बाजूला सोडून वेंडीपुढे गुडघ्यांवर बसली. "असं होय?" ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "कधीपासून येतात हो आवाज? तुमच्याबरोबर कोणी आलंय का?"

वेंडीने बेरिलकडे पाहिलं. बेरिल काचेतून बागेकडे बघत होती.

"नाही, नाही," वेंडी म्हणाली. "काही नाही. मला काही ऐकू येत नाही."